कुरकुरीचा कायदा

मुरावालीहून गाडी नेहमीप्रमाणे दोनदा सुटली. पहिल्यांदा इंजिन मेंढ्यांच्या सहा वाघिणी घेऊन निघून गेलं आणि माणसांचा डबा फलाटावरच राहिला. पाच मिनिटांनी ते उलटं आलं, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं डबा जोडून घेतला आणि पुन्हा निघालं. सकाळचे सहा पन्नास झाले होते. ब्रिस्बेन बावीस तासांवर होतं आणि उकाडा मात्र गाडीच्या आधीच येऊन बसला होता.

डब्यात गिलहूली कुटुंबाखेरीज एकच प्रवासी होता. तो टोपीखाली झोपला होता. तो कुठे चढला आणि त्याला कुठे उतरायचं होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

खिडकीशी विन बसली होती. वय एकोणऐंशी, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात नवऱ्याचं गार्डाचं घड्याळ, मांडीवर छोटी तपकिरी बॅग. तीन आठवड्यांपूर्वी छपराच्या पन्हळीतली पानं काढताना ती शिडीवरून पडली, तेव्हापासून घरात सगळे तिच्या हाताविषयी बोलत होते आणि ती एकटीच पन्हळीविषयी बोलत होती.

"अर्धीच झालीय," ती म्हणाली. "पूर्वेकडची बाजू तशीच आहे."

"आई, तुझी मोठी पेटी कुठंय?" मर्व्हिननं विचारलं. मर्व्हिन थोरला. तीस वर्षं बँकेत होता, आता घरी असतो आणि घराला बँकेसारखं चालवतो.

"येईल नंतर."

"आणि तिकीट? मी सगळ्यांची काढली, तुझं—"

"माझं मी काढलंय," विन म्हणाली. कानातलं यंत्र काढून तिनं बॅगेत टाकलं, पेपरमिंटची एक गोळी तोंडात टाकली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. गाडीत बसलं की ती यंत्र काढूनच ठेवायची. ते काढलं की तिला काही ऐकू येत नाही, ही गोष्ट घरात इतकी पक्की होती, की कोणी कधी पडताळून पाहिली नव्हती.

काल स्वयंपाकघरात तीन तास आणि चार किटल्या चहा होऊनही आईला कोणी न्यायचं, हे ठरलं नव्हतं. मर्व्हिनच्या घराला सोळा पायऱ्या होत्या. काल रात्रीपर्यंत त्या अकरा होत्या. मधली थेल्मा पियानो शिकवायची, आणि दर बुधवारी तिच्याकडे एक गृहस्थ पियानो ऐकायला यायचे. ते आठ वर्षं ऐकत होते आणि त्यांच्याविषयी घरात कोणी बोलायचं नाही. क्लाइड धाकटा. तो लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव खणायचा आणि स्वतः चाकांवरच्या एका कॅराव्हॅनमध्ये राहायचा. तिच्यात उभं राहायचं तर एकाला आधी बाहेर जावं लागे.

"आपण बाबांचा कायदा लावू," थेल्मा म्हणाली.

 टोपीखालचा माणूस घोरायचा थांबला.

कायदा साधा होता. बाप, म्हणजे क्लॅरी गिलहूली, एकतीस वर्षं या मार्गावर गार्ड होता आणि गाडीविरुद्ध एक अक्षर त्याला खपत नसे. गाडीत बसल्यावर जो पहिल्यांदा गाडीची कुरकुर करेल, त्यानं त्या नाताळाची सगळी भांडी घासायची. वस्तुस्थिती सांगायला मुभा होती. 'तापमान एकशे आठ फॅरनहाइट आहे' हे चाले, 'किती उकडतंय' हे चालत नसे. सुस्कारा चाले, पण शब्दाशिवाय. छत्तीस साली थेल्माला गाडी लागली आणि ती सगळ्यांच्या बुटांवर ओकली, तेव्हा क्लॅरीनं निकाल दिला होता, की हे मतप्रदर्शन नसून घटना आहे. एक्कावन्न साली मुरावालीचे फादर सोबत होते. पाठ टेकता टेकता ते "परमेश्वरा, हा बाक!" म्हणाले. नाताळाच्या संध्याकाळी फादरांनी पांढरा गळपट्टा काढून ठेवून तेहेतीस माणसांची भांडी घासली. डब्यात बसलेल्या प्रत्येकाला कायदा लागू, असं क्लॅरी म्हणाला होता, आणि मग फादरांना पुसायला कोरडं फडकं दिलं होतं.

"तो भांड्यांसाठी होता, थेल्मा," मर्व्हिन म्हणाला. "आपण आईविषयी बोलतोय."

"मग तूच घेऊन जा ना. आत्ता मिटेल."

"कायदा ठीक आहे," मर्व्हिन म्हणाला.

"म्हणजे आधी कुरकुर करेल त्याच्याकडे आई?" क्लाइडनं विचारलं. त्याची पाठ गेली चार वर्षं कामातून गेलेली होती आणि त्याच्या बाकाची एक स्प्रिंग आताच त्याची ओळख करून घेत होती. "आणि हे आपण आईसमोर ठरवतोय?"

तिघांनी विनकडे पाहिलं. विन बाहेर बघत होती. बाहेर एक कुंपण होतं. अजून दोन तास तेच असणार होतं.

"तिला काय ऐकू येतंय," मर्व्हिन म्हणाला. "पण पंच कोण?"

मर्व्हिनची बायको आयव्ही आतापर्यंत शब्दकोडं सोडवत होती. या घरात येऊन तिला एकतीस वर्षं झाली होती आणि घरातले तिला अजून पाहुणी समजत. याचा तिला एकच फायदा झाला होता, तो म्हणजे कोणत्याही भांडणात तिला पंच करत.

"मी शपथ घेणार नाही," ती पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली. "पण मर्व्ह बोलला तर मर्व्हच बाद. आधीच सांगते."

"आयव्ही, मी तुझा नवरा आहे."

"म्हणून तर आधी सांगतेय."

अशा रीतीनं गिलहूली कुटुंबानं आपल्या आईचं भवितव्य गाडीवर सोपवलं.

पहिले तीन तास सभ्यपणे गेले. गाडी अरुंद रुळांवर अशी डुलत होती, की चहाचा थर्मास या टोकाहून त्या टोकाला आपण होऊन फिरत होता आणि सगळे आळीपाळीनं चहा घेत होते. क्लाइडच्या शेजारची खिडकी अर्ध्यावर अडकली होती. ऊन आत यायला तेवढी पुरत होती, वाऱ्याला पुरत नव्हती. पुढच्या वाघिणींतून मेंढ्यांचा वास येत होता.

"क्लाइड, पाठ कशी आहे रे?" थेल्मानं प्रेमानं विचारलं.

"छान. अशी पाठ मला लग्नातसुद्धा नव्हती."

"स्प्रिंग टोचत असेल ना?"

"टोचत नाही. आधार देते."

"मेंढ्यांचा वास येतोय का कोणाला?" मर्व्हिन म्हणाला.

सगळ्यांनी आयव्हीकडे पाहिलं.

"प्रश्न आहे," आयव्ही म्हणाली. "चालेल."

"मला तर आवडतो बाई," थेल्मा खोल श्वास घेत म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं डबा उघडला. त्यात उकडलेल्या अंड्यांचं सँडविच होतं, काल संध्याकाळी केलेलं. एकशे चार अंशांत त्या डब्याचं झाकण निघालं, तशी टोपीखालच्या माणसानं कूस बदलली. थेल्मानं पहिलं सँडविच मर्व्हिनला दिलं.

मर्व्हिननं ते खाल्लं. सावकाश, चावून. कपाळावर घाम आला तो त्यानं रुमालानं टिपला. "अंड्याला एक प्रकारची प्रगल्भता आलीय," तो म्हणाला.

"अंडं गाडीत मोडत नाही," आयव्हीनं नोंद घेतली. "अंड्याविषयी बोलायला मोकळीक आहे."

"आधी का नाही सांगितलंस?" मर्व्हिन म्हणाला आणि डब्याच्या टोकाच्या संडासाकडे निघाला. त्या संडासाला खाली भोक होतं आणि भोकातून रूळ धावताना दिसत. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"कसा होता?" तिघांनी एकदम विचारलं.

"हवेशीर," मर्व्हिन म्हणाला.

दहाच्या सुमाराला गार्ड तिकिटं बघायला आला. अल्फी टॉम्किन्स, साठीचा, मिशा पिवळ्या पडलेल्या. क्लॅरीच्या हाताखाली शिकलेला. त्यानं विनचं तिकीट हातात घेतलं, जरा थांबला, विनकडे पाहिलं. विननं त्याला पेपरमिंट दिली. अल्फीनं तिकिटाला भोक पाडलं आणि गोळी तोंडात टाकत पुढे गेला.

सव्वाअकराला कूलाबर्न आलं. तिथे वीस मिनिटं चहापाणी. थेल्मा आणि मर्व्हिन रांगेत मांसाच्या पेस्ट्रीसाठी उभे होते.

"क्लाइड ढेपाळेल," थेल्मा हळूच म्हणाली. "पाठ बघितलीस त्याची? उभा राहतो तर प्रश्नचिन्हासारखा दिसतो."

"कॅराव्हॅनमध्ये आईला कुठे ठेवणार तो?"

"मग तुझ्याकडे पायऱ्या किती आहेत, अकरा का सोळा?"

मर्व्हिननं पेस्ट्रीवर सॉस ओतला. खूप ओतला. "क्लाइड ढेपाळेल," तो म्हणाला.

परत आल्यावर दोघांनी मिळून क्लाइडची जागा बदलली. 'इकडे सावली आहे' म्हणून त्याला चाकाच्या बरोब्बर वरच्या बाकावर बसवलं. तिथे रुळाचा प्रत्येक सांधा माणसाच्या मणक्यात थेट पोचतो. क्लाइडला हे कळलं होतं. त्याला हेही कळलं होतं, की भावंडांपैकी कोणी आजवर त्याच्यासाठी सावली शोधलेली नाही.  प्रत्येक सांध्याला तो फक्त जरा उंच होत होता.

आयव्ही हे बघत होती. पंचानं बाजू घेऊ नये, हे तिला मान्य होतं. पण एकतीस वर्षांत या घरात तिच्याशी पत्ते खेळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती व्यक्ती आता खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा गळ्यातलं घड्याळ बघत होती. बावीस तासांच्या प्रवासात वेळेची एवढी काय घाई, असं आयव्हीच्या मनात आलं. तिनं पेन्सिल कानामागून काढली आणि कोड्यात एक शब्द लिहिला. सासूचे पत्ते उघडे करायचे नसतात.

एकच्या पुढे थेल्मा तोंड उघडं टाकून झोपली. मर्व्हिन डोळे मिटून जागा होता, कारण झोपेत बडबडायची त्याला भीती होती. क्लाइड उठला आणि बाकांना धरत धरत आईच्या शेजारी येऊन बसला.

विननं पेपरमिंट पुढे केली. मग बॅगेतून यंत्र काढून कानात घातलं. त्याच्यासाठी.

"लहान असताना तू या गाडीत कधी रडला नाहीस," ती म्हणाली. "तुझा बाप तुला टपालाच्या थैल्यांवर झोपवायचा. एकदा तुला टपालासकट उतरवलं होतं. पोस्टमास्तर सही मागत होता."

"मग?"

"मग काय, केली सही." ती बाहेर बघत राहिली. "मी कोणाकडे जातेय रे?"

क्लाइडला वाटलं, स्प्रिंग इथेही आली. "ठरतंय, आई."

"कसं ठरतंय?"

"नेहमीसारखंच."

"हं," विन म्हणाली. तिनं रागावून पाहिलं असतं तरी चाललं असतं. तिनं नुसती मान हलवली, दुकानात भाव ऐकून हलवावी तशी. "पूर्वेकडची बाजू राहिलीय. पाऊस आला की पाणी सरळ भिंतीत जाईल."

क्लाइड तिच्या प्लास्टरकडे बघत बसला. प्लास्टरवर कोणी काही लिहिलेलं नव्हतं. शाळेत त्याचा हात मोडला तेव्हा तिनं त्याच्या प्लास्टरवर सगळ्यात आधी सही केली होती. त्यानं मनातल्या मनात कॅराव्हॅन मोजली. टेबल काढलं, तर एक पलंग बसेल. तो स्वतः बाहेर तंबूत झोपेल. नाहीतरी आत त्याला उभं राहता येत नव्हतंच. सोमवारी एक तलाव खणायचा होता. तो मंगळवारी खणला तरी पाणी काही कुठे पळून जात नव्हतं.

अडीच वाजून गेले. तो जागेवर परत गेला, चाकावरच्या बाकासमोर उभा राहिला आणि खाकरला. थेल्मा जागी झाली. मर्व्हिननं डोळे उघडले.

"मला काहीतरी सांगायचंय," क्लाइड म्हणाला. "सरळच सांगतो. हा बाक—"

"हा बाक म्हणजे जन्मठेप आहे," विन म्हणाली.

गाडी खडखडत राहिली. बाकी सगळं थांबलं.

"आई?" मर्व्हिन म्हणाला.

"या बाकावर बसण्यापेक्षा मी पुन्हा शिडीवरून पडेन. एकवीस साली लग्न झालं त्या दिवशी याच डब्यातून आले, आणि आठवडाभर मला उताणं झोपता आलं नाही. लोकांनी भलतंच समजून माझं अभिनंदन केलं." विननं श्वास घेतला. "खिडकी अठ्ठावन्न सालापासून अडकलीय. संडासात माझी एक टोपी, एक चष्मा आणि माझा लग्नातला फोटो गेलाय. चहाला मेंढीची चव असते. आणि ही डुलते कसली? नांगरलेल्या रानात पलंग ओढल्यासारखी वाटते. सत्तावन्न वर्षं एक शब्द काढला नाही मी. तुमचा बाप माणूस चांगला होता. गाडी भिकार होती."

"पण बाबा स्वतः एकतीस वर्षं—" थेल्मा म्हणाली.

"तो डिंगो टँकपर्यंत यायचा. तिथे समोरची गाडी भेटते, गार्ड आणि चालक गाड्या बदलतात आणि झोपायला घरी जातात. अख्खा प्रवास त्यानं जन्मात केला नाही. आणि गार्डाच्या डब्यात त्याला गादीची खुर्ची होती. मी शिवलेली."

मर्व्हिन उठला आणि मटकन खाली बसला. नेमका क्लाइडच्या स्प्रिंगवर. 

"आयव्ही," विन म्हणाली. "पहिली कुरकुर कोणाची?"

आयव्हीनं शब्दकोडं घडी घालून ठेवलं. या क्षणाची ती बहुधा एकतीस वर्षं वाट बघत होती, फक्त तिला तो कोणता ते ठाऊक नव्हतं. "क्लाइडनं 'हा बाक' एवढंच म्हटलं. ती वस्तुस्थिती आहे. बाक आहेच. कुरकुर तुमची, आई."

"कायदा मला लागू आहे का?"

"फादरांना लागला होता."

"मग मी कोणाकडे राहायचं?"

"तुमच्या स्वतःकडे," आयव्ही म्हणाली.

"हा काय पोरखेळ आहे!" मर्व्हिन म्हणाला. "म्हणजे तुला सगळं ऐकू येत होतं?"

"थोडं थोडं. अंड्यांच्याही आधीपासून."

"आई, तू एकोणऐंशीची आहेस, हात मोडलाय—"

"पोरखेळ सकाळी सुरू झाला, मर्व्ह. तेव्हा तुला चालला." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मर्व्हिनला जास्त लागलं. "मला न विचारता तुम्ही ठरवत होतात. मग मीच एक डाव खेळले."

 थेल्मा नाक शिंकरत म्हणाली, "आई, बुधवार सोडून कधीही ये."

"बुधवारीच येईन. त्या माणसाला एकदा बघायचंय मला."

डिंगो टँक जवळ आलं तसा गाडीचा वेग कमी झाला. खिडकीत आधी एक पाण्याची टाकी आली, मग एक शेड, मग एक मिरीसारख्या फळांचं झाड आणि त्याखाली एक कुत्रा, जो कोणाचाच नव्हता. पलीकडच्या रुळावर ब्रिस्बेनहून आलेली गाडी उभी होती, अशाच डब्याची, अशाच खिडक्यांची. अल्फी आपली जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन खाली उतरत होता.

विन उठली. तिनं बॅगेतून तिकीट काढून मर्व्हिनच्या हातात दिलं. मुरावाली ते डिंगो टँक. जाऊन येऊन.

"हे गुरुवारी काढलंय," मर्व्हिन म्हणाला. "गुरुवारी आम्ही आलोसुद्धा नव्हतो."

"तुम्ही येणार हे माहीत होतं ना," विन म्हणाली. तिनं तिकीट परत घेतलं, त्याच्या गालाला हात लावला, आयव्हीला "ख्रिसमसला पत्ते आण" म्हणाली आणि दाराकडे निघाली.

पायरी उंच होती. क्लाइड मागोमाग गेला, तिला उतरवून घेतलं, बॅग घेतली, रूळ ओलांडून पलीकडच्या डब्यात चढवलं आणि खिडकीशी बसवलं. मग तो बॅग ठेवायला जागा शोधत राहिला. जागा भरपूर होती. तरी तो शोधत राहिला. तेवढ्यात ब्रिस्बेनला जाणारी गाडी सुटली. तिच्या खिडकीतून थेल्मा आणि आयव्ही हात हलवत होत्या. मर्व्हिन हलत नव्हता. अजून तो स्प्रिंगवरच असावा.

ही गाडीही निघाली. अल्फी दारात आला. "क्लाइड, तुझं तिकीट?"

"काढायचंय."

"कुठपर्यंत?"

क्लाइडनं आईकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती आणि तिनं यंत्र पुन्हा बॅगेत टाकलं होतं.

"मुरावाली," तो म्हणाला आणि तिच्यासमोर बसला. इथेही स्प्रिंग होती. अगदी त्याच जागी.

"नवी गाडी, नवा कायदा," विन खिडकीकडे बघतच म्हणाली. "आधी कुरकुर करेल, त्यानं पूर्वेकडची पन्हळ साफ करायची."

 क्लाइडनं पाठ टेकली.

"आई," तो म्हणाला, "हा बाक भयंकर आहे."

विननं बॅगेतून यंत्र काढून कानात नीट बसवलं आणि त्याला पेपरमिंट दिली.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "आठ तास आहेत."